म्हणणारा कोण?

जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ साली राजकारण आणि इंग्रजी भाषा यांच्या संबंधावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्याच्या अखेरीस त्यांनी लेखकांस सहा नियम घालून दिले आहेत. कर्तरी प्रयोगाने काम भागत असेल तेथे कर्मणी प्रयोग करू नये, हा त्यांपैकी एक होय. आम्ही इंग्रजीच्या अध्यापकांनी हा नियम विद्यार्थ्यांकडून इतका घोकून घेतला आहे की, मूळ निबंध पुन्हा उघडून पाहण्याची आवश्यकता आम्हांस सहसा भासत नाही. तो उघडला म्हणजे मौज दिसते. पहिल्याच वाक्यात ऑर्वेल 'इट इज' या शब्दांनी सुरू होणारी एक निनावी कर्मणी रचना योजतात, आणि भाषेच्या अवनतीवर काही इलाज नाही ही समजूत नेमकी कोणाची, हे न सांगताच पुढे जातात. जेफ्री पुलम या व्याकरणकारांनी या विसंगतीवरून ऑर्वेल यांस चांगलेच धारेवर धरले आहे. मला मात्र येथे ढोंग दिसत नाही. ज्या रचनेचा निषेध करावयास बसलेल्या मनुष्याच्या लेखणीतून ती रचना पहिल्या ओळीतच उतरते, ती त्या भाषेत किती खोल रुजलेली असली पाहिजे, एवढेच यावरून दिसते.

'इट इज सेड', 'इट इज बिलीव्ड', 'इट हॅज बीन सजेस्टेड' ही त्या कुळातील नित्याची मंडळी. इंग्रजी वाक्यास कर्त्याची जागा मोकळी ठेवता येत नाही, म्हणून तेथे 'इट' हे पोकळ सर्वनाम बसविले जाते. देवळातल्या मूर्तीच्या जागी सुपारी मांडावी तसे. दुसरी तऱ्हा याहून चतुर आहे. 'ही इज सेड टु बी रिच' या वाक्यात ज्याच्याविषयी बोलणे चालले आहे तोच व्याकरणदृष्ट्या कर्ता होऊन बसतो आणि बोलणारा पार नाहीसा होतो. आता हे वाक्य कर्तरीत उलटवून पाहावे. 'दे से हिम टु बी रिच' असे इंग्रजीत चालत नाही. अर्थात या रचनेस कर्तरी रूपच नाही. ती जन्मतःच पोरकी आहे. 'रूमर' या क्रियापदाची तर आज याहून विचित्र अवस्था आहे. अमुक गोष्टीची वदंता आहे, असे त्याच्या कर्मणी रूपाने म्हणता येते. परंतु 'मी वदंता उठवितो' असे म्हणण्यास आजच्या प्रचलित इंग्रजीत ते क्रियापद उपलब्ध नाही. अफवा असते, पण ती करणारा नसतो, असे जणू भाषेनेच ठरवून टाकले आहे!

ही खोड इंग्रजीने एकटीने लावून घेतलेली नाही. लॅटिनमध्ये 'दिकितुर' आहे, ग्रीकमध्ये 'लेगेताइ' आहे. परंतु ज्यास इतिहासाचा जनक म्हणतात तो हेरोडोटस अनेक ठिकाणी इराणी लोक असे सांगतात, इजिप्तचे पुरोहित तसे सांगतात, अशी प्रत्येक कथेची मालकी लावून देतो, आणि जे सांगितले जाते ते सांगणे आपले कर्तव्य आहे, त्या सर्वांवर विश्वास ठेवणे नव्हे, असे आपल्या सातव्या ग्रंथात स्पष्ट बजावतो. शास्त्रीय लेखनाचीही गोष्ट अशीच आहे. निनावी रचना ही शास्त्राची सनातन भाषा आहे, असे आमचे विज्ञानाचे सहकारी समजतात. परंतु न्यूटनने १६७२ साली प्रकाश व रंग यांवर जे पत्र प्रसिद्ध केले, त्यात लोलक आपण कसा मिळविला आणि खोली कशी अंधारी केली हे तो 'मी' म्हणूनच सांगतो. १९५३ साली वॉटसन व क्रिक यांनी डी. एन. ए. च्या रचनेचा शोध जाहीर केला, तोही 'आम्ही' या शब्दानेच.

मग ही रचना टाकाऊच समजावयाची काय? तसे म्हणणाऱ्याने जेन ऑस्टेनची १८१३ सालची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही कादंबरी काढावी. तिच्या प्रारंभीच्या वाक्यात श्रीमंत अविवाहित पुरुषांसंबंधीचे एक मत विश्वमान्य सिद्धांताच्या थाटात, कर्मणी रचनेच्या पूर्ण इतमामाने मांडलेले आहे. मान्य करणारे कोण, याचा पत्ता नाही. परंतु दुसऱ्याच वाक्यात बाई आसपासच्या कुटुंबांकडे बोट दाखवितात, आणि विश्व म्हणजे एका खेड्याच्या पंचक्रोशीतील उपवर मुलींच्या आया, हे वाचकाच्या ध्यानी येते. थोड्याच वेळात मिसेस बेनेट प्रत्यक्ष बोलू लागतात आणि म्हणणाराचा चेहराही दिसतो. लपलेला कर्ता लेखिकेस पक्का ठाऊक आहे. तो कोणत्या क्षणी पुढे आणावयाचा, एवढेच तिने हाती राखले आहे. हीच रचना ज्याला कर्ता ठाऊक नाही, किंवा ठाऊक असून सांगावयाचा नाही, त्याच्या हाती पडली म्हणजे काय होते, हे पाहण्यास वाङ्मयातून उठून कचेरीत जावे लागते.

ब्रिटिश अर्थखात्याच्या विनंतीवरून सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी १९४८ साली सरकारी नोकरांसाठी 'प्लेन वर्ड्स' हे पुस्तक लिहिले. कचेरीतील माणसास ही रचना का प्रिय होते, याचे कारण समजण्यासारखे आहे. पत्र लिहिणारा कारकून स्वतःचे मत लिहीत नसतो, खात्याचे लिहितो. 'मला वाटते' असे त्याने लिहिले तर ते खोटेच ठरेल. येथवर तक्रार नाही. परंतु या सोयीतून पुढे काय निपजते, ते मी स्वतःच्या हाताने केलेले आहे, म्हणून सांगतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेतील कर्मचाऱ्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीवर मी होतो. इंग्रजी बरे म्हणून मसुदा माझ्याकडे आला. 'इट वॉज रिपोर्टेड', 'इट वॉज फेल्ट' अशा वाक्यांनी मी तो सजविला आणि सभासदांनी त्याची वाखाणणीही केली. त्या मनुष्यास इंग्रजी बेताचेच येत होते. तो कागद घेऊन माझ्याकडे आला व म्हणाला, "सर, यात काय लिहिलंय तेवढं मराठीत सांगा." मी सांगू लागलो, "तुमच्या वर्तनाबद्दल असे सांगण्यात आले आहे की..." त्याने मला तेथेच थांबविले. "कोणी सांगितलं, सर?" समितीपुढे तसे आले आहे, असे मी म्हणालो. "समितीपुढे कोण आलं होतं?" मला उत्तर देता आले नाही. घरी जाऊन कागद पुन्हा चाळले. कोणाचीही साक्ष नव्हती. एका सभासदाने चहाच्या वेळी दुसऱ्याकडून ऐकलेली गोष्ट माझ्या सुबक वाक्यात शिरून पुरावा झाली होती. त्याची नोकरी गेली. मी तो मसुदा परत मागावयास हवा होता, मागितला नाही.

मी खोटे लिहिले नव्हते, हे त्या वेळी माझे समाधान होते. कोणीतरी सांगितले होतेच की! इंग्रजी कायदा हे समाधान मानीत नाही. लुइस विरुद्ध डेली टेलिग्राफ या १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात लॉर्ड डेव्हलिन यांनी स्पष्ट केले आहे की, अब्रुनुकसानीच्या कायद्यापुरते ऐकीव विधान व प्रत्यक्ष विधान यांत भेद नाही. 'लोक असे म्हणतात' असे म्हणून दुसऱ्यावर शिंतोडे उडविणारा स्वतःच ते उडवितो. न्यायाधीशांनी जे ओळखले ते आम्ही भाषेच्या अध्यापकांनी ओळखू नये, याची मला लाज वाटते.

आपल्या मराठीत 'असे म्हणतात' आहेच. पण तेथे क्रियापद अनेकवचनी आहे, 'लोक' हा शब्द गाळला तरी लोक वाक्यात उभे असतात, आणि ऐकणारा "कोण म्हणतं?" असे सहज विचारतो. 'सांगण्यात येते', 'कळविण्यात येते' यांची जात निराळी. कचेरीच्या मराठीत त्यांचा जो सुळसुळाट झाला, त्यात इंग्रजी मसुद्यांची सावली मला स्पष्ट दिसते. शालेय व्याकरणात 'रामाकडून रावण मारला गेला' या धाटणीस 'नवीन कर्मणी' असे नाव आहे; ती इंग्रजीच्या अनुकरणाने आली, हे व्याकरणकारांनी त्या नावातच नोंदवून ठेवले आहे. तेथे निदान रामाचे नाव तरी आहे. 'रावण मारण्यात आला' या वाक्यात राम कोठेच नाही.

विकिपीडिया या ज्ञानकोशाचे संपादक अशा वाक्यापुढे 'कोणी?' असा लहानसा प्रश्न चिकटवून ठेवतात. ही युक्ती मी त्यांच्यापासून उचलली, आणि अलीकडे विद्यार्थ्यांच्या निबंधांवर तांबड्या शाईने तेवढाच शब्द लिहितो. गेल्या सत्रात एका मुलीने माझ्याच जुन्या टिपणांची प्रत मला आणून दिली. ऑस्टेनवरील पहिल्या वाक्यात 'इट इज जनरली अ‍ॅग्रीड' असे होते आणि त्यापुढे तिने पेन्सिलीने हलकेच 'कोणी?' असे लिहिले होते. ती टिपणे मी वीस वर्षे वर्गात वाटीत आलो आहे. कपाटातील पुस्तके मी दोनदा धुंडाळली. तसे म्हणणारा एकच सापडला, आणि तोही माझ्यासारखाच कोणाचे नाव न घेता म्हणत होता.