भेदिक शाहिरीतील सवाल-जवाब : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :

मराठी शाहिरी वाङ्मयाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने पोवाडा आणि शृंगारिक लावणी या दोन प्रकारांकडे गेलेले दिसते. पोवाड्यात इतिहासाची साधने सापडतात आणि लावणीत शृंगाराचा विलास, त्यामुळे या दोहोंना छापील ग्रंथांत लवकर स्थान मिळाले. हॅरी अ‍ॅक्वर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये प्रसिद्ध केलेला 'इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे' हा संग्रह या दृष्टीने सूचक आहे. भेदिक रचना मात्र मोठ्या प्रमाणावर फडांच्या बाडांत आणि शाहिरांच्या मुखातच राहिल्या. समीक्षेनेही 'क्लिष्ट कूटरचना', 'रूक्ष अध्यात्म' असे शेरे मारून त्यांची बोळवण केली.

हे शेरे सर्वस्वी खोटे नाहीत. परंतु ते भेदिकाला चुकीच्या जागी बसवून मारलेले आहेत. भेदिक हे मुळात समोरच्याने ओळखावे यासाठी घातलेले कोडे आहे. ते एकट्याने वाचले की रूक्ष वाटते आणि प्रतिपक्षासमोर, श्रोत्यांच्या साक्षीने ऐकले की जिवंत होते. या खेळाचे नियम लक्षात घेतल्याशिवाय भेदिकाचे मूल्यमापन अपुरे राहते, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

भेदिक : संज्ञा व स्वरूप :

'भेद' म्हणजे गुह्य, आत दडलेला अर्थ. ज्या रचनेत असा अर्थ दडवून तो उलगडण्याचे आव्हान दिलेले असते ती भेदिक रचना होय. कोडे घालण्याची ही प्रवृत्ती भारतीय परंपरेत जुनी आहे. वैदिक यज्ञप्रसंगीचे ब्रह्मोद्य, महाभारतातील यक्षप्रश्न, संतांचे कूट अभंग व भारुडे ही तिची ठळक रूपे. लोकजीवनातील हुमाणे, उखाणे, कोडी हा तिचाच घरगुती आविष्कार. दुर्गा भागवत यांनी १९६५ साली भारतीय कोड्यांवर स्वतंत्र इंग्रजी ग्रंथ लिहून या प्रकाराकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले होते. डच विचारवंत योहान हाउझिंगा यांनीही 'होमो लुडेन्स' (१९३८) या ग्रंथात खेळ आणि ज्ञान यांचे नाते सांगताना वैदिक कोड्यांचा आधार घेतला आहे. प्राचीन समाजात कोडे सोडविणे ही करमणूक आणि ज्ञानाची कसोटी एकाच वेळी होती, हे त्यांचे प्रतिपादन भेदिकालाही लागू पडते.

भेदिकाचे सामने कलगी आणि तुरा या दोन पक्षांत होतात. कलगीवाले शक्तीला म्हणजे मायेला श्रेष्ठ मानतात, तर तुरेवाले शिवाला म्हणजे ब्रह्माला. कोकणात हाच प्रकार 'शक्ती-तुरा' या नावाने ओळखला जातो. तुर्रा-कलंगी या नावाची परंपरा राजस्थान व माळव्यातही आहे. म्हणजेच एका मोठ्या सांस्कृतिक प्रवाहाचे हे मराठी रूप आहे.

सातारा-सांगली परिसर :

सातारा आणि सांगली हे जिल्हे आज स्वतंत्र असले तरी त्यांची सांस्कृतिक जडणघडण एकत्र झाली आहे. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कृष्णाकाठ आणि माणदेश या दोन्ही पट्ट्यांत चैत्र-वैशाखातील यात्रा-जत्रांनी शाहिरांच्या फडांना आश्रय दिला.

या परिसराने दिलेली नावे पाहिली तरी परंपरेची व्याप्ती ध्यानात येते. खटाव तालुक्यातील पुसेसावळीचे शाहीर हैबती घाटगे हे भेदिक रचनांसाठी प्रसिद्ध. तासगाव तालुक्यातील सावळजचे उमा-बाबू हे मातंग समाजातील तमासगीर. आद्य वग म्हणून गणला जाणारा 'मोहना-बटाव' (सुमारे १८६५) त्यांच्या नावावर आहे. वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी म्हणजेच पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) हे जन्माने ब्राह्मण. वाळवा तालुक्यातीलच वाटेगावचे अण्णा भाऊ साठे (१९२०-१९६९) यांनी तमाशाला लोकनाट्याचे रूप देऊन श्रमिकांचे प्रश्न मंचावर आणले. भिन्न जातींत जन्मलेली ही माणसे एकाच कलापरंपरेत उभी राहिली, ही बाब पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

सामन्याचे नियम :

सामन्याचा आरंभ गणाने होतो. त्यानंतर एक पक्ष डफ-तुणतुण्याच्या साथीवर सवाल टाकतो. प्रतिपक्षाने प्रथम त्या कूटाची फोड करावयाची असते. केवळ उत्तर ठाऊक असून भागत नाही. ज्या चालीत सवाल आला त्याच चालीत, यमक सांभाळून, जवाब गावा लागतो. जवाब दिला की प्रतिसवालाचा अधिकार प्राप्त होतो आणि तो सवाल आधीच्याहून अवघड असावा अशी अपेक्षा असते. अशा रीतीने रात्र चढत जाते.

या नियमांतून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली गोष्ट अशी की, येथे कवित्व आणि विद्वत्ता यांची परीक्षा एकत्र घेतली जाते. ग्रंथ पाठ असलेला परंतु शीघ्ररचना न साधणारा येथे हरतो आणि गळा गोड परंतु ज्ञान तोकडे असणाराही हरतो. दुसरी गोष्ट, बहुश्रुत श्रोते हेच येथे खरे पंच असतात. सवाल पडला की शाहिराबरोबर तेही मनात उत्तर शोधू लागतात. जवाब पटला की माना डोलतात, न पटला की कुजबुज सुरू होते. तिसरी गोष्ट, प्रतिपक्ष हा शत्रू असून चालत नाही. कूट फोडणारा तोलामोलाचा जोडीदार समोर नसेल तर कूट रचणाऱ्याचे कौशल्यही वाया जाते. वर्षानुवर्षे एकमेकांसमोर उभे राहणारे फड एकमेकांची ताकद ओळखून असतात, त्यामुळे या भांडणाच्या तळाशी स्नेह असतो.

सवालांचे विषय :

भेदिकातील सवाल स्थूलमानाने दोन प्रकारांत विभागता येतात. पहिला प्रकार तत्त्वज्ञानाचा. देहाची नऊ द्वारे, पंचमहाभूते, दहा इंद्रिये, षट्चक्रे यांवर रूपके रचली जातात. नऊ दरवाजांचा वाडा, त्यात एकच रहिवासी, तो बाहेर पडताच वाडा कोसळतो. तर वाडा कोणता व रहिवासी कोण? हा या प्रकारातील सवालांचा सर्वसाधारण साचा म्हणता येईल. उत्तर अर्थातच देह आणि जीव. दुसरा प्रकार पुराणकथांचा. आजन्म ब्रह्मचाऱ्याला पुत्र कसा झाला, या सवालाला मारुती व मकरध्वज यांची कथा ठाऊक असणाराच उत्तर देऊ शकतो.

वरवर पाहता हे केवळ माहितीचे प्रश्न वाटतात. परंतु ते कोण विचारीत होते याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. शास्त्रग्रंथांचे अध्ययन ज्यांना शतकानुशतके नाकारले गेले, अक्षरओळखही ज्यांच्यापर्यंत पोहोचू दिली नाही, त्या समाजातील माणसे येथे ब्रह्म-मायेची चर्चा गावासमोर करीत होती. कीर्तन-प्रवचनात बहुजन समाज श्रोत्याच्या जागी बसे. भेदिकात तो प्रश्नकर्ता झाला. मंचावर उत्तर बरोबर की चूक एवढेच पाहिले जाई, उत्तर देणाऱ्याचे कुळ तेथे कामाला येत नसे. मंचाबाहेर जातिव्यवस्था तशीच होती, हे खरेच. तरीही रात्रभरापुरता का होईना, ज्ञानाचा अधिकार जन्मावरून न ठरता जवाबावरून ठरत होता. भेदिकाचे सर्वांत मोठे सांस्कृतिक मूल्य येथे आहे.

न संपणारा वाद :

शिव श्रेष्ठ की शक्ती, या वादाचा निकाल शतकांनंतरही लागलेला नाही. मायेवाचून ब्रह्म निष्क्रिय, असे कलगीवाला म्हणतो. ब्रह्मावाचून माया आली कोठून, असे तुरेवाला विचारतो. ज्ञानेश्वरांनी 'अमृतानुभवा'च्या आरंभीच शिव-शक्तीचे ऐक्य सांगितले आहे आणि ते शाहिरांना अपरिचित नव्हते. तरीही वाद चालू ठेवला गेला, कारण निकाल लागला तर खेळच थांबेल. दोन्ही बाजू एकाच सत्याच्या आहेत हे जाणून एका बाजूने हिरिरीने लढणे, ही वादसंस्कृतीतील प्रौढता होय.

मर्यादा :

भेदिकाचा गौरव करताना त्याच्या उणिवा झाकण्याचे कारण नाही. अनेक सवाल केवळ पाठांतराची परीक्षा घेतात. उत्तर ठाऊक नसेल तर तर्काने तेथे पोहोचता येत नाही, आणि अशा ठिकाणी कोड्याचा आनंद उरत नाही. कूट दुर्बोध करण्याच्या हव्यासात काव्य हरवते. बाड गुप्त ठेवण्याच्या प्रथेमुळे जे ज्ञान खुले व्हावयाचे तेच पुन्हा फडापुरते बंदिस्त झाले. झगड्याच्या रचनांत प्रतिपक्षाची निंदा कित्येकदा शिवीगाळीपर्यंत घसरते. स्त्रियांना या फडांत दीर्घकाळ जवळजवळ स्थान नव्हते. शक्तीचे श्रेष्ठत्व सांगणारा पक्षही पुरुषांचाच असावा, ही विसंगती नोंदविली पाहिजे. स्त्रियांचा ओळखण्याचा खेळ मंगळागौरीच्या जागरणात आणि लग्नातील उखाण्यांत स्वतंत्रपणे फुलला.

चित्रपटातील रूपांतर :

विसाव्या शतकात सवाल-जवाब सर्वदूर पोहोचला तो मराठी चित्रपटामुळे. 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) आणि अनंत माने यांचा 'सवाल माझा ऐका' (१९६४) ही त्याची परिचित उदाहरणे. चित्रपटाने या प्रकाराला लोकप्रियता दिली, मात्र त्याचा गाभा बदलला. येथे सवाल आणि जवाब एकाच लेखणीतून उतरलेले असतात. हार-जीत कथानकाने आधीच ठरविलेली असते. प्रेक्षक मोहित होतो, पण उत्तर शोधण्याच्या कामात त्याला वाटा मिळतोच असे नाही. ज्यात चुकण्याची शक्यता नाही असा सवाल-जवाब देखणा असला तरी तो खेळ राहत नाही.

निष्कर्ष :

१. भेदिक रचनेचे मूल्यमापन स्फुट कविता म्हणून न करता सवाल, जवाब, प्रतिसवाल आणि श्रोते या चौकटीत करणे आवश्यक आहे.

२. सातारा-सांगली परिसरात भेदिकाने औपचारिक शिक्षणापासून वंचित समाजाला तत्त्वचर्चेचे व प्रश्न विचारण्याचे व्यासपीठ दिले.

३. प्रतिपक्षाविषयीचा आदर ही या खेळाची पूर्वअट आहे. जेथे ती सुटते तेथे सामना निंदेत परिवर्तित होतो.

४. सातारा, सांगली व कोल्हापूर भागांत असे सामने आजही होतात. त्यांचे संकलन करताना सुटी गीते न टिपता सवालाला जोडून त्याचा जवाब, चाल आणि श्रोत्यांचा प्रतिसादही नोंदविला जावा. जवाबाविना छापलेला सवाल म्हणजे किल्ली हरवलेले कुलूप होय. तसे झाल्यास, भेदिक रूक्ष असल्याचा समीक्षेचा जुना शेरा पुढील वाचकालाही खरा वाटू लागेल.