मनःशांतीचा व्यापार : एका पुस्तकाच्या निमित्ताने

श्वासाकडे लक्ष द्यावे, मनात येणाऱ्या विचारांचा न्यायनिवाडा करू नये, चालू क्षणी स्थिर राहावे, अशी 'माइंडफुलनेस'ची थोडक्यात शिकवण आहे. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्याच्या रोग्यांसाठी ती शिकविण्यास आरंभ केला. त्यांपैकी अनेकांना तिचा उपयोग झाला, हे आम्ही नाकारीत नाही. पुढे ती कंपन्यांत, शाळांत, सैन्यातही शिरली. रोनाल्ड पर्सर यांनी 'मॅकमाइंडफुलनेस' (२०१९) या इंग्रजी पुस्तकात तिची परखड झडती घेतली आहे.

पर्सर स्वतः बौद्ध साधक व व्यवस्थापनशास्त्राचे प्राध्यापक. तेव्हा ही टीका घरच्या माणसाची आहे. सम्यक् स्मृती हे अष्टांगिक मार्गाचे एक अंग; नीती व सम्यक् आजीविका यांपासून ते तोडले, की मालकाच्या सोयीचे औषध होते. कामाचे तास, तुटपुंजे वेतन, नोकरीची अशाश्वती तशीच राहते आणि ताण मात्र कामगाराच्या मनाचा दोष ठरतो. २०२१ मध्ये अ‍ॅमेझॉन कंपनीने गोदामातील कामगारांसाठी ध्यानाची एक चिमुकली खोली जाहीर केली आणि उपहास होताच ती चित्रफीत मागे घेतली. पर्सर यांस याहून बोलका पुरावा मिळाला नसता.

असे निदान काही नवे नव्हे. निर्गमाच्या ५ व्या अध्यायातील फारोने पेंढा बंद केला, विटांची संख्या कायम ठेवली आणि गाऱ्हाणे येताच लोकांना आळशी ठरविले. याच्या नेमके उलट निदान मराठी वाचकास डॉ. आंबेडकरांच्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' (१९५७) या ग्रंथामुळे परिचित आहे. तेथे सिद्धार्थाच्या गृहत्यागामागे रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात पेटलेला तंटा आहे. दुःखाचा शोध तेथे पाण्याच्या वाटणीपासून सुरू होतो.

पर्सर यांच्या पुस्तकात उणीव आहे. आज रात्री ज्याला झोप नाही, त्याच्या उशाशी बसून काय बोलावे, याचे उत्तर त्यांच्या वादाच्या आवेशात हाती लागत नाही. पाळकाला ते टाळता येत नाही.

मात्र उशाशी बसणारे आम्हीही निर्दोष नाही. एका बांधकाम मजुराची झोप उडाली होती. आम्ही त्याच्याजवळ बसून स्तोत्र वाचले, प्रार्थना केली, धीर धरण्यास सांगितले. त्याची तीन महिन्यांची मजुरी ठेकेदाराकडे अडकली आहे, हे आम्हांस पुढे त्याच्या पत्नीकडून कळले. आम्ही विचारलेच नव्हते.