जनरल गेज आणि एप्रिल १७७५ : छापील कागदांचें परीक्षण

अमेरिकेंतील वसाहतींचें बंड जनरल थॉमस गेज याच्या अविचारानें पेटलें, असें एक मत. तो केवळ विलायतेच्या हुकुमाचा ताबेदार होता, असें दुसरें. दोन्ही मतांचे अभिमानी क्लॅरेन्स कार्टर यांनीं संपादिलेल्या गेजच्या पत्रव्यवहाराचाच हवाला देतात. येल विद्यापीठानें हे दोन खंड १९३१ व १९३३ सालीं प्रसिद्ध केले. संपादन चोख आहे, याविषयीं दुमत नाहीं. परंतु हा मुख्यत्वें गेज आणि विलायतेंतील मंत्री व खातीं यांच्यामधील सरकारी पत्रव्यवहार आहे, ही गोष्ट वाचक सहसा विसरतात.

ताबेदारीच्या पक्षाचा मुख्य पुरावा म्हणजे लॉर्ड डार्टमथचें २७ जानेवारी १७७५ चें गुप्त पत्र. पुढाऱ्यांना धरा, बंडखोर कवाइती नव्हेत, थोडी फौज पुरेल, असा त्याचा आशय. मात्र अंमल कसा करावा हें गेजच्या विवेकावर सोडलें होतें. पत्र बोस्टनला १४ एप्रिलला, म्हणजे ७७ दिवसांनीं पोहोंचलें. पांचवे दिवशीं लेक्सिंग्टन येथें रक्त सांडलें. तिथींची ही सांगड सबळ खरी. शिवाय १७७४ च्या नोव्हेंबरांत गेजनेंच वीस हजार फौजेची गरज कळविली होती. ती मिळाली नाहीं. (याच मार्चांत मुंबईकर इंग्रजांनीं कलकत्त्यास न विचारतां रघुनाथरावाशीं सुरतेचा तह केला होता. तिकडे चाकर धन्याच्या पुढें धांवत होते, इकडे धनी चाकरास ढकलीत होता.)

आतां कृति पाहूं. १८ एप्रिलला कर्नल स्मिथ यास दिलेल्या हुकुमाचा गेजच्या हातचा मसुदा शिल्लक आहे. कॉन्कॉर्ड येथील तोफा, दारू व धान्य नष्ट करावें, रयतेची लूट होऊं देऊं नये, इतकेंच त्यांत आहे. पुढाऱ्यांना धरण्याचें नांवहि नाहीं. डार्टमथच्या सूचनेपैकीं सौम्य भाग त्यानें उचलला, हें यावरून उघड होतें. तोफा कोठें पुरल्या आहेत याची माहिती त्याला हेरांकडून मिळत होती. त्यांपैकीं एकजण तर मोडक्या फ्रेंच भाषेंत लिही! ही बाजू कार्टरच्या खंडांवरून कळणें कठीण. त्यासाठीं ॲलन फ्रेंच यांचें १९३२ चें गेजच्या हेरांवरील पुस्तक जोडीस घेतलें पाहिजे.

म्हणून गेज निर्दोष ठरतो काय? माझ्या मतें नाहीं. १७७४ च्या फेब्रुवारींत तो विलायतेंत असतां तिसऱ्या जॉर्जला भेटला आणि चार पलटणी बोस्टनला धाडल्यास बंदोबस्त होईल असें सांगून आला. हें संभाषण गेजच्या पत्रांत असणें शक्यच नाहीं. तें राजानें ४ फेब्रुवारीस लॉर्ड नॉर्थला लिहिलेल्या चिठ्ठींत आहे, व ती फोर्टेस्क्यू यांनीं राजाच्या पत्रव्यवहारांत १९२७-२८ मध्यें छापली. थोड्या फौजेनें काम होईल हा जो भरंवसा डार्टमथच्या पत्रांत दिसतो, त्याचें बीज स्वतः गेजनें वर्षापूर्वीं पेरलें होतें. नोव्हेंबरांत त्यानें वीस हजार मागितले तेव्हां मंत्र्यांना तो भेकड वाटला, यांत नवल तें काय? नैयायिकांच्या भाषेंत गेज निमित्तकारण. उपादान वसाहतींत आधींपासून सिद्ध होतें. पण घडा घडविणाऱ्या कुंभाराला मातीकडे बोट दाखवून सुटतां येत नाहीं.

लेक्सिंग्टनला पहिली गोळी कोणी झाडली, हा वाद मी येथें घेत नाहीं. त्या दिवशीं गेजचे ७३ व वसाहतींचे ४९ इसम मेले. ऑक्टोबरांत गेज परत बोलावला गेला. त्याचें दफ्तर ससेक्समधील फर्ल येथें घराण्याकडे राहिलें. १९३० सालीं क्लेमेंट्स यांनीं तें विकत घेतलें, आणि आज तें मिशिगन विद्यापीठाच्या ग्रंथालयांत आहे. या दफ्तरावर काम करणाऱ्यानें राजाची ती चिठ्ठी शेजारीं ठेवूनच डार्टमथचें पत्र उघडावें.