आरियस आमचा नव्हे

जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीच्या दाराशी एक टेबल लागते. अत्तर, टोप्या, तस्बीह आणि त्यांच्या शेजारी पातळ कागदावर छापलेल्या स्वस्त पुस्तिका. त्यांत ख्रिस्ती धर्माविषयीची एखादी पुस्तिका हमखास असते आणि तिच्यात एक गोष्ट ठरलेली असते. गोष्ट अशी : सुरुवातीचे सगळे ख्रिस्ती एकेश्वरवादी होते. चौथ्या शतकात आरियस नावाचा एक धर्मगुरू तौहीदची बाजू घेऊन उभा राहिला. रोमच्या बादशहाने इ.स. ३२५ मध्ये निकिया येथे परिषद भरवली, मतदान घेतले आणि येशूला देव ठरवून टाकले. खरी इंजील जाळली गेली, आरियसला हाकलले गेले आणि तीन शतकांनी इस्लामने आरियसचेच राहिलेले काम पूर्ण केले.

ही गोष्ट आम्हीही तरुणपणी व्यासपीठावरून सांगितली आहे आणि टाळ्या घेतल्या आहेत. ती मुळाशी ताडून पाहावी असे तेव्हा सुचले नाही. २०२५ मध्ये निकियाच्या परिषदेला १७०० वर्षे पूर्ण झाली, तेव्हा त्या वादातले लेखन आम्ही नीट वाचायला घेतले. जे हाती आले ते आमच्या जुन्या भाषणांना शोभणारे नव्हते. म्हणून हा लेख. तो ख्रिस्ती धर्माची वकिली नाही. सूरह इखलासने जे नाकारले आहे ते आम्ही नाकारतोच. प्रश्न एवढाच आहे की आमच्या पुस्तिकांतला आरियस खरा आहे काय?

आरियस म्हणतो काय?

आरियसचे स्वतःचे लेखन फार थोडे उरले आहे. काही पत्रे आणि 'थालिया', म्हणजे 'मेजवानी', या पद्यरचनेचे तुकडे. हे तुकडेही त्याचा कट्टर विरोधक अथानासियस याने खंडनासाठी उद्धृत केले म्हणून वाचले. विरोधकाच्या पुस्तकातून माणूस वाचताना सावध राहावे लागते. तरी पत्रे आणि तुकडे एकत्र ठेवले की मुख्य मत पुरेसे स्पष्ट होते.

वाद पेटला तो इ.स. ३१८ च्या सुमारास, मिसरमधल्या अलेक्झांड्रिया शहरात. बिशप अलेक्झांडर एका बाजूला, त्याच्याच हाताखालचा धर्मगुरू आरियस दुसऱ्या बाजूला. दोघांना मान्य असलेल्या गोष्टी आधी पाहू, कारण आमच्या पुस्तिका नेमक्या त्याच गाळतात. देव एक आहे, हे दोघांनाही मान्य. येशू कुमारी मरियमपोटी जन्मला, हेही मान्य. पण त्याच्याही आधी, जग निर्माण होण्यापूर्वीपासून, तो 'शब्द' किंवा 'पुत्र' या रूपात अस्तित्वात होता, देवाने सारे विश्व त्याच्याकरवी घडवले आणि तो उपासनेला पात्र आहे, हेही दोघांना मान्य!

मग वाद कशाचा? तो पुत्र पित्यासारखाच अनादी आहे की पित्याने निर्माण केलेला आहे, याचा. आरियस म्हणे, ज्याला आरंभ नाही असा पिता एकटाच. पुत्राला आरंभ आहे, तो शून्यातून निर्माण झाला आहे. मात्र काळ सुरू होण्यापूर्वी आणि बाकी सर्व सृष्टीच्या आधी. अलेक्झांडर म्हणे, पिता जर सदैव पिता आहे तर पुत्रही सदैव असलाच पाहिजे.

आता वाचकांनी हा आरियसचा येशू कुरआनातल्या हजरत ईसा (अलै.) यांच्या शेजारी ठेवून पाहावा. कुरआनातले ईसा अल्लाहचे बंदे आणि रसूल आहेत. त्यांचा जन्म चमत्काराने झाला, त्यांना 'कलिमा' म्हटले गेले, पण त्यांनी जग घडवले नाही आणि त्यांची इबादत करायची नाही. आरियसचा पुत्र जग घडवणारा आहे, कृपेने का होईना देव म्हणवला जाणारा आहे. तो निर्माता आणि निर्मिती यांच्यामधल्या पायरीवर उभा आहे. तौहीदमध्ये अशी मधली पायरीच नाही. एका बाजूला खालिक, दुसऱ्या बाजूला मखलूक. मग आरियस आमचा कसा?

विरोधकाचा आक्षेप

आम्हाला खरा धक्का बसला तो अथानासियस वाचताना. पुस्तिकांतला हा खलनायक. त्याचा आरियसपंथीयांवरचा एक मोठा आक्षेप असा : तुम्ही पुत्राला निर्मित म्हणता आणि तरीही त्याची उपासना करता, त्याच्या नावाने बाप्तिस्मा देता. निर्मित वस्तूची उपासना करणे हे तर मूर्तिपूजकांचे काम! हा आक्षेप वाचून आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. निर्मितापुढे सजदा नाही, हे तर आमचेच म्हणणे.

अर्थात त्यामुळे अथानासियस आमचा होत नाही. कोंडी त्याने ओळखली, पण ती सोडवताना पुत्राला ईश्वरत्वाच्या आतच बसवले. त्याचा तर्क असा की, माणसाला देवापर्यंत नेऊन वाचवणारा स्वतःच निर्मित असेल तर तो हे काम करू शकणार नाही. आमच्या मते माणसाला वाचवायला अल्लाहची रहमत पुरेशी आहे, मध्यस्थाची गरज नाही. म्हणून त्या तर्काची पहिली पायरीच आम्ही चढत नाही. पण या वादात एक बाजू तौहीदची आणि दुसरी शिर्कची, अशी सोपी वाटणी लागत नाही, एवढे तरी मान्य करायला हवे.

निकियात काय झाले, काय नाही

पुस्तिकेतल्या बाकीच्या विधानांचेही असेच आहे. निकियात येशूला प्रथमच देव ठरवले गेले, हे खरे नाही. निकिया ज्या बिथिनिया प्रांतात होते त्याच प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी याने इ.स. ११२ च्या सुमारास सम्राट ट्राजनला पत्र लिहिले. ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देवासारखे मानून स्तोत्र गातात, असे त्यात कळवले आहे. म्हणजे परिषदेच्या दोनशे वर्षे आधी ही उपासना चालू होती. बायबलात कोणती पुस्तके ठेवायची याचा निर्णयही निकियात झाला नाही.

परिषदेने केले ते असे. पुत्र पित्याशी 'होमोऊसिओस', म्हणजे एकाच सत्त्वाचा आहे, हा शब्द श्रद्धासूत्रात घातला. हा शब्द बायबलात कुठेही नाही आणि तो घालणाऱ्यांपैकी अनेकांनाही त्याची अडचण वाटत होती. तिसऱ्या शतकात अँटिओकच्या एका परिषदेने हाच शब्द नाकारला होता, असे त्या काळच्या लेखकांनीच नोंदवले आहे. पण आरियसपंथीयांना कसलीही पळवाट न काढता येणारा शब्द हवा होता. तो हा सापडला.

एका अक्षरासाठी ख्रिस्ती लोक भांडले, हा विनोदही आमच्या भाषणांत असतो. 'होमोऊसिओस' म्हणजे एकाच सत्त्वाचा, 'होमोइऊसिओस' म्हणजे सदृश सत्त्वाचा. ग्रीकमध्ये फरक एका बारीक 'आयोटा'चा. पण हा दुसरा शब्द पुढे आला तो निकियानंतर सुमारे तीस वर्षांनी. आणि अक्षरावर हसण्याआधी आम्ही आठवावे की एका जेर-जबरने अर्थ बदलतो म्हणून लहानपणी मक्तबमध्ये आमच्याच हातांवर छड्या बसल्या आहेत. शब्दावर भांडणारा माणूस निदान शब्दाला किंमत देतो.

हा वाद पंडितांपुरताही नव्हता. आरियसची मते गाण्यांतून खलाशी, गिरणीवाले आणि वाटसरू यांच्यापर्यंत पोचली, असे जुने इतिहासकार सांगतात. त्याच शतकाच्या अखेरीस न्यिसाचा ग्रेगरी कॉन्स्टँटिनोपलविषयी तक्रार करतो की, येथे पावाचा भाव विचारला तर पिता मोठा की पुत्र यावर प्रवचन ऐकावे लागते. आमच्याकडे चहाच्या टपरीवर मसलकाचे वाद ऐकलेल्यांना हे शहर परके वाटणार नाही.

तख्ताची चूक

मग पुस्तिकेत खरे काय आहे? बादशहाची गोष्ट खरी आहे. कॉन्स्टंटाईनने आधी दोन्ही पक्षांना पत्र लिहून हा वाद क्षुल्लक आहे, मिटवा, असे सुनावले. मिटला नाही, तेव्हा परिषद बोलावली आणि निर्णय न मानणाऱ्यांना हद्दपार केले. पुढे आरियसची पुस्तके जाळण्याचा हुकूमही काढला. जाळपोळ झाली ती अशी. जळली ती आरियसची पुस्तके, इंजील नव्हे.

पण गंमत पुढे आहे. काही वर्षांत त्याच बादशहाने आरियसला परत बोलावले आणि अथानासियसला हद्दपार केले. इ.स. ३३७ मध्ये मरणाच्या दारात त्याने बाप्तिस्मा घेतला तो आरियसचा पाठीराखा असलेल्या निकोमेडियाच्या युसेबियसच्या हातून. त्याचा मुलगा कॉन्स्टँशियस याने निकियाच्या बाजूच्या बिशपांना छळले. अथानासियस एकूण पाच वेळा हद्दपार झाला. पुढे उत्तर आफ्रिकेत आरियसपंथी वँडल राजांनी निकियावाद्यांवर जुलूम केले. आणि इ.स. ३८१ मध्ये थिओडोसियसच्या काळात निकियाचीच बाजू कायमची राजमान्य झाली. तख्त ज्याच्या हाती, श्रद्धा त्याची. आरियसपंथी हा निष्पाप मजलूम जमाव होता, हेही म्हणूनच टिकत नाही.

येथे बोट दाखवून थांबता आले असते तर बरे झाले असते. पण आमचाही एक निकिया आहे. कुरआन, अल्लाहचा कलाम, हा निर्मित की अनिर्मित, हा प्रश्न बगदादमध्ये असाच तापला. इ.स. ८३३ मध्ये खलिफा अल-मामूनने कुरआन निर्मित आहे हे मत कबूल करून घेण्यासाठी काझी आणि मुहद्दिस यांची चौकशी सुरू केली. इतिहासात ती 'मिहना' म्हणून ओळखली जाते. त्याच्या हुकमाच्या पत्रातला तर्क पाहा. जे लोक कुरआनला अनिर्मित म्हणतात ते ख्रिस्ती लोकांसारखे आहेत, कारण तेही ईसा अल्लाहचा शब्द म्हणून निर्मित नाहीत असे म्हणतात! म्हणजे ज्या प्रश्नावर अलेक्झांड्रियात आग लागली होती, त्याच प्रश्नाच्या सावलीत पाच शतकांनी इमाम अहमद इब्न हम्बल यांना तुरुंग आणि फटके सोसावे लागले. पुढे अल-मुतवक्किलने मिहना बंद केली. मामूनचे मत आज बहुसंख्य मुसलमान मानत नाहीत. फटक्यांनी अकीदा ठरत नाही, हे आम्ही त्यातून शिकायला हवे होते.

मोत्याची उपमा

दुसरी वाटही आमच्याच इतिहासात आहे. हब्शाच्या नजाशीपुढे हजरत जाफर (रजि.) यांनी सूरह मरियमच्या आयती वाचल्या. ईसांविषयी तुमचे म्हणणे काय, हे ऐकून नजाशीने जमिनीवरची एक काडी उचलली आणि यात आणि सत्यात या काडीएवढाही फरक नाही असे सांगितले, अशी सीरतची रिवायत आहे. दरबारातले लोक त्यावर कुरकुरले, तरी पाहुण्यांना अमान मिळाले.

आणि मिहनाच्या अर्धे शतक आधी, त्याच बगदादमध्ये, मामूनचा आजा खलिफा अल-महदी पूर्वेकडच्या ख्रिस्ती संप्रदायाचा प्रमुख तिमथी याच्याशी दोन दिवस बोलत बसला. देवाला पुत्र कसा, तीन असून एक कसे, हे प्रश्न त्याने मोकळेपणाने विचारले. तिमथीने सूर्य आणि त्याचा प्रकाश अशा उपमा देऊन उत्तरे दिली. कोणी कोणाला पटवू शकले नाही. शेवटी तिमथीने दिलेली उपमा लक्षात राहते : अंधाऱ्या घरात मोती पडला आहे, प्रत्येकाला वाटते तो आपल्याच मुठीत आहे, उजेड झाल्यावर कळेल. तिमथीला अर्थातच मोती आपल्या हाती आहे असे वाटत होते. महदीलाही तसेच वाटत होते. हद्दपारी मात्र कोणाची झाली नाही.

मराठीत हा वाद आम्हाला थेट भेटत नाही. फादर स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राचोलला छापले गेले तेव्हा निकियाचा निकाल लागून तेरा शतके झाली होती. त्यांनी ती श्रद्धा ओवीत आणि पुराणाच्या घाटात बसवली. पुढे रेव्हरंड टिळकांनी सुरू केलेले आणि लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलेले 'ख्रिस्तायन' आले. 'शब्द', 'पुत्र' असे मराठी शब्द आमच्या कानांवर पडतात ते मागचे रण विसरून. त्यामुळे 'पुत्र' म्हणताच शारीरिक जन्म डोळ्यांपुढे आणून आम्ही खंडन करतो. निकियाचे ख्रिस्तीही तो अर्थ नाकारतात. समोरच्याने न केलेला दावा खोडून मिळवलेला विजय आमच्या काय कामाचा?

आमची तौहीद आरियसच्या साक्षीवर उभी नाही. ती कुरआनावर उभी आहे आणि तिला चौथ्या शतकातला उसना पूर्वज नको. अर्धी खरी गोष्ट सांगून मिळालेल्या टाळ्या त्या दिवशी गोड लागल्या होत्या. त्या आम्ही परत करू शकत नाही. पण पुढच्या जुम्म्याला त्या टेबलापाशी थांबून, पुस्तिका विकणाऱ्या पोराला एवढे तरी सांगणार आहोत : बेटा, यातले पान आठ चुकीचे आहे, आणि ती चूक आम्हीही खूप वर्षे सांगत आलो आहोत.