आवाज चोहीकडे

आमच्या शहागंजात 'डॉल्बी' म्हणजे काय, हे कुणाला विचारावं लागत नाही. ट्रकवर रचलेली भोंग्यांची भिंत म्हणजे डॉल्बी. ती रस्त्यावरून निघाली की अत्तरवाल्याच्या कपाटातल्या बाटल्या किणकिणू लागतात, खिडकीचं तावदान ठेका धरतं आणि माणसाचं काळीज मालकाची परवानगी न घेता नाचू लागतं. सन 2000 च्या सरकारी नियमाप्रमाणे वस्तीत दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आवाज चालतो. आमच्याकडे 55 डेसिबलमध्ये भाजीवाला नुसता घसा साफ करतो.

आता गंमत पाहा. रे डॉल्बी नावाचा जो अमेरिकन गृहस्थ होऊन गेला, त्याला कीर्ती मिळाली ती आवाज कमी करण्याबद्दल! टेपवर गाण्यामागे जी 'स्स्स' अशी खरखर येते, ती घालवायची युक्ती त्यानं काढली आणि 1965 साली लंडनमध्ये कंपनी थाटली. त्याआधीची दोन वर्षं तो युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतात होता. इथला गोंगाट ऐकूनच ही बुद्धी झाली असावी, असा आपला माझा अंदाज. त्याच भल्या माणसाच्या नावानं आज महाराष्ट्रात तावदानं फुटतात. झाडूवाल्याच्या नावानं उकिरडा ओळखला जावा, तशातली गत!

तेव्हा "डॉल्बी अ‍ॅटमॉसमध्ये अख्खा अल्बम ऐकायला या" असं आमंत्रण आलं, तेव्हा आमच्या सौ.नी मुकाट्यानं माझ्या खिशात कापूस घातला.

स्थळ : घड्याळाच्या टॉवरजवळची एका दुकानाची माडी. जमीन गाद्यांनी आणि भिंती खोक्यांनी भरलेल्या. यजमानांनी '5.1.4' असा आकडा सांगितला. हा टेलिफोन नंबर नव्हे, बरं का! पाच खोकी भोवताली, एक घुमणारं जमिनीवर आणि चार छताला. ही अ‍ॅटमॉस पद्धत 2012 मध्ये आधी सिनेमात आली आणि मग गाण्यात शिरली. हिच्यात प्रत्येक आवाजाला 'तू अमुक ठिकाणी बस' असं सांगता येतं. लग्नाच्या पंगतीत ही सोय असती तर किती भांडणं टळली असती!

पहिला अल्बम नव्या चालीचा होता. दिवे मालवले आणि डफ उजव्या कानामागून निघाला, डोक्यावरून गेला आणि डाव्या खांद्यावर येऊन बसला. सतार छतातून ठिबकू लागली. पावसाळ्यात आमच्या घरीही तसंच होतं, त्यामुळे मी सवयीनं बादली शोधली. शेजारचे अत्तरवाले चाचा सारखे मागे वळून पाहत होते. "मास्टरसाब, पीछे कौन बजारा?" मी म्हटलं, "कोणी नाही चाचा, खोकं आहे." ते म्हणाले, "फिर भी, तमीज से सामने बैठना ना!"

चाचांच्या या एका वाक्यात माझं अर्धं परीक्षण झालं. 'शोले' 1975 साली आला तेव्हा त्याच्या सत्तर एमएमच्या छापील जाहिरातीत आणि लोकांच्या बोलण्यात तो चोहीकडून येणारा आवाज होता. पडलेलं नाणं लोक खुर्चीखाली शोधत, असं म्हणतात. ते ठीकच. सिनेमात नाणं पडतं, गोळी सुटते, घोडा दौडतो. त्यांना दिशा हवीच. पण गाण्याला दिशा कशाला? बैठकीत गवई समोर, तंबोरे त्याच्या मागे, तबला-पेटी बाजूला. ऐकणाऱ्याला गवयाच्या मांडीवर कोणी बसवत नाही. या अल्बमनं तबला कुठं आहे हे दहादा सांगितलं. तो का आहे, हे एकदाही नाही. कारागिरी अव्वल, पण सगळं कौतुक पत्त्याचं. पत्रात मजकूर बेताचा.

मग निवृत्त कॅशियर काकांनी खिशातून पेन ड्राइव्ह काढला. त्यात एका जुन्या तबकडीची नक्कल होती : अब्दुल करीम खाँसाहेबांची भैरवी ठुमरी. खाँसाहेब गेले 1937 साली. एक मायक्रोफोन आणि तीन-सव्वातीन मिनिटं, एवढाच तेव्हाचा संसार. (अशा तबकड्या फोटोंच्या वहीसारख्या बांधून विकत, म्हणून तर 'अल्बम' हा शब्द!)

सूर लागला आणि नऊ खोकी एकदम गप्प झाली. फक्त समोरचं मधलं खोकं गाऊ लागलं. यजमान घाबरून तारा हलवू लागले. बिघाड काहीच नव्हता. जो आवाज दोन्हीकडे तंतोतंत सारखा असतो, त्याला हे यंत्र मधोमध बसवतं. एकाच मायक्रोफोनवर गायलेल्या माणसाला ते इकडेतिकडे पाठवूच शकत नाही. यंत्राला तेवढी तमीज होती.

"रहने दो मियाँ," चाचा म्हणाले. यजमान बसले. खरखर होती, पण त्या खरखरीतून तो बारीक, ओला सूर असा काही आला, की चाचांची आणि काकांची मान एकाच समेवर हलली. मे 2018 मध्ये याच भागात दुकानं जळाली होती. तेव्हापासून या दोघांची ओळख फक्त 'गाडी इथं का लावली' एवढ्यापुरती उरली होती. आता काकांच्या तोंडून "आहाहा" निघालं, ते माझ्या डावीकडून. चाचांचं "वाह" उजवीकडून आलं. मागून एका कॉलेजकुमाराचा सुस्कारा आला आणि खिडकीतून रिक्षाचा हॉर्न. झालं की अ‍ॅटमॉस!

आपल्याकडे चोहीकडचा आवाज पूर्वीपासून हा असाच आहे. 1 एप्रिल 1955 ला पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झालं, तेव्हा रेडिओचं खोकं एकच होतं. पण छप्पन्न गाणी होईपर्यंत त्याच्याभोवती आळीच्या आळी गोळा होत होती. लोक त्या खोक्याला हार घालत. गदिमा-बाबूजींना छताला स्पीकर टांगावे लागले नाहीत. भोवतालची बाजू श्रोत्यांनी सांभाळली होती.

तेव्हा माझा अभिप्राय असा : यंत्र उत्तम, खर्च अफाट, पहिला अल्बम बरा. पण हल्ली घरोघरी जो तो आपल्या कानात बोंडं घालून एकटा बसलेला असतो. दहा खोक्यांच्या निमित्तानं का होईना, वीस माणसं एका गादीवर आली, हे या बैठकीचं खरं यश. दर महिन्याला भरवावी. खोकी कमी केली तरी चालतील, गाद्या मात्र वाढवाव्यात.

आणि हो, खिशातला कापूस चाचांना दिला. त्यांनी त्याचे अत्तराचे फाये करून सगळ्यांच्या कानात घातले. वरच्या पाळीत. ऐकायला मोकळंच राहिलं.