व्याजस्तुती आणि दंडसंहिता

१८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ४९९ साहित्याच्या अभ्यासकाने एकदा तरी समीक्षाग्रंथ म्हणून वाचावे. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ ने घेतली असली, तरी व्याख्या, अपवाद व उदाहरणे बहुतांशी तीच आहेत. इंग्लिश कायद्यातील लेखी व तोंडी बदनामीचा भेद येथे नाही. शब्द, खूण, चित्र, सारे सारखेच. उपरोधाने केलेला आरोपही बदनामी ठरू शकतो. अमका मोठा सचोटीचा, त्याने तमक्याचे घड्याळ कधीच चोरले नाही, असे चोरी त्यानेच केली हे सुचविण्यासाठी कोणी म्हणाला, तर ती निंदाच. आपल्या आलंकारिकांची व्याजस्तुती ती हीच.

परंतु आपल्या दृष्टीने खरा महत्त्वाचा तो सहावा अपवाद. लेखकाने लोकांच्या निर्णयासाठी पुढे ठेवलेल्या कृतीविषयी, आणि त्या कृतीतून दिसेल तेवढ्याच त्याच्या स्वभावाविषयी, सद्भावनेने मत देण्यास मुभा आहे. पुस्तक अश्लील आहे, तेव्हा लेखकाचे मन मलिन असावे, हे चालते. लेखक लंपट आहे, तेव्हा पुस्तक अश्लील निघाले यात नवल ते काय, हे चालत नाही. निंदा दोहोंत आहे. अनुमानाची दिशा तेवढी उलटी. चरित्रात्मक समीक्षेच्या वादात पानेच्या पाने लिहूनही जे स्पष्ट झाले नाही, ते येथे दोन उदाहरणांत आले आहे. मात्र आत्मचरित्रापुढे ही रेषा पुसट होते. तेथे लेखकाचे आयुष्य हीच कृती; आणि त्यात नावानिशी आलेल्या आप्तस्वकीयांनी स्वतःला कोणाच्याही निर्णयासाठी पुढे ठेवलेले नसते.

अनुवादक या नात्याने ‘अब्रुनुकसानी’ हा रूढ शब्द मला खटकतो. संहिता जपते ती इतरांच्या नजरेतील पत. एकांतात तोंडावर केलेला अपमान बदनामी होत नाही. आपल्या ‘अब्रू’त मात्र लौकिक आणि स्वाभिमान दोन्ही येतात. त्यापेक्षा ‘बदनामी’ नेमका, कारण नाव वसते ते लोकांच्या तोंडी.

हे केवळ पुस्तकी नव्हे. कोल्हापूरच्या कारभाऱ्यांच्या बदनामीबद्दल टिळक-आगरकर १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते. इंग्लंडने हा गुन्हा २००९ च्या कायद्याने रद्द केला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली तो घटनासंमत ठरविला. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साध्या कैदेची. अपवादाचा आधार मिळतो तो खटला उभा राहिल्यावर, आणि तो सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. पुस्तकाचे परीक्षण लिहिणारा आधी जामिनासाठी उभा राहतो. सहाव्या अपवादाचे वाचन होते ते नंतर.