करिपूरचा अहवाल वाचताना

७ ऑगस्ट २०२० रोजी संध्याकाळी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे बोइंग ७३७ विमान कोझिकोडच्या करिपूर विमानतळावर पावसात उतरले, धावपट्टी ओलांडून शंभराहून अधिक फूट खाली कोसळले आणि त्याचे तीन तुकडे झाले. विमानात १९० माणसे होती. त्यांपैकी २१ दगावली. दोन्ही वैमानिकही गेले. कॅप्टन दीपक साठे हे वायुसेनेतून विंग कमांडर म्हणून निवृत्त झालेले. आईवडील नागपूरचे, म्हणून विदर्भात ही बातमी घरातल्या दुःखासारखी वाचली गेली.

त्या दिवसांत एक मजकूर सर्वत्र फिरत होता. विमानाची चाके उघडली नाहीत, कॅप्टनने घिरट्या घालून इंधन संपवले, इंजिने बंद केली, म्हणून आग लागली नाही, असे त्यात होते. विमान अपघात अन्वेषण विभागाचा अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये आला, आणि त्यातली हकीकत वेगळी आहे. चाके व्यवस्थित उघडली होती. उतरण्याचे प्रयत्न दोनच झाले. टाक्यांत इंधन होते, ते गळलेही. आग मात्र लागली नाही. तो मजकूर श्रद्धेने लिहिलेला असेल, पण विज्ञानाच्या तासाला तो अजूनही उदाहरण म्हणून सांगितला जात असेल तर थांबवायला हवे.

अहवालाचे बळ त्याच्या आकड्यांत आहे. पहिला प्रयत्न पश्चिमेकडे तोंड करून, म्हणजे समोरून वारा घेऊन झाला. कॅप्टनच्या बाजूचा वायपर त्या वेळी बंद पडला, आणि धावपट्टी न दिसल्यामुळे विमान पुन्हा वर नेण्यात आले. दुसरा प्रयत्न उलट दिशेने झाला आणि वारा पाठीमागून आला. २७०० मीटर लांबीच्या धावपट्टीवर चाके टेकली ती सुमारे १३५० मीटरवर, जवळजवळ मध्यावर. टेकायला हवीत पहिल्या ९०० मीटरांच्या आत. पाठीचा वारा १४ नॉट, जमिनीच्या सापेक्ष वेग १६५ नॉट, म्हणजे ताशी ३०५ किलोमीटर. मूर्तिजापूर स्थानकातून न थांबता धडधडत जाणारी एक्स्प्रेस आपल्या मुलांनी पाहिलेली असते. तिच्या अडीचपटीहून हा वेग जास्त.

इथे फळ्यावर थोडे गणित करावे. १६५ नॉट म्हणजे सेकंदाला ८५ मीटर. उरलेल्या १३५० मीटरांत थांबायचे तर सरासरी मंदन २.७ मीटर प्रति सेकंद वर्ग लागते, गुरुत्व त्वरणाच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक, आणि तेही ओल्या पृष्ठभागावर. ब्रेक किंवा उलटा रेटा लावायला एक सेकंद उशीर झाला की ८५ मीटर गेले. तेच विमान, हवेच्या सापेक्ष तोच वेग ठेवून, तेवढाच वारा समोरून घेत उतरले असते तर जमिनीवरचा वेग १३७ नॉट झाला असता. वेगाचा वर्ग घेतला की कळते, प्रत्यक्षातली गतिज ऊर्जा त्याच्या जवळजवळ दीडपट होती. शिवाय चाके ३०० मीटरवर टेकली असती, तर लागणारे मंदन जेमतेम १ मीटर प्रति सेकंद वर्ग. पाठ्यपुस्तकातल्या घसरगाडीपेक्षा हे उदाहरण वर्गात किती तरी अधिक काम करील.

अहवाल मला पटत नाही तो 'संभाव्य कारण' सांगताना. विमान चालवणाऱ्या वैमानिकाने ठरलेली कार्यपद्धती पाळली नाही, अस्थिर अवतरण चालू ठेवले. सहवैमानिकाने 'गो अराउंड' म्हटल्यावरही विमान वर नेले नाही. आणि सहवैमानिकाने नियंत्रण हाती घेतले नाही, असे तेथे म्हटले आहे. प्रत्येक शब्द खरा असेल. पण नियम पाळला गेला नाही हे घडलेल्या गोष्टीचे वर्णन झाले, कारण नव्हे. कारणाच्या जवळ जाणारा मजकूर पुढे आहे. कोझिकोडच्या तळावर सहवैमानिक २६ होते, कॅप्टन एकच. साठे यांना दुसऱ्या दिवशी सकाळी तिथूनच दोह्याचे विमान न्यायचे होते. दुसरीकडे उतरले असते तर ते कोण नेणार? हा दबाव अहवालाने ओळखला आहे, कंपनीच्या धोरणावर बोटही ठेवले आहे, पण त्याला 'साहाय्यक घटक' या दुय्यम ओळीत बसवले. मेलेल्या माणसाचे नाव पहिल्या ओळीत आणि वेळापत्रक दुसऱ्या ओळीत, हा क्रम मला शास्त्रीय वाटत नाही.

सहवैमानिकाचेही तसेच. गुरुजींनी फळ्यावर गणित चुकवले तर हुशार मुलगा फार तर 'सर, तिथे उणे हवे' म्हणेल. हातातला खडू काढून घेणार नाही. इथे सहवैमानिक बोलला. खडू घेण्याची सवय त्याला कोणी लावली होती का, हा प्रश्न उरतो. पदाच्या उतरंडीविषयी अहवालात आहे ते वाचण्यासारखे आहे. अधिक असते तर बरे झाले असते.

१६ एप्रिल २०२५ पासून अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर प्रवासी विमाने उतरू लागली. धावपट्टी १८५० मीटर, विमाने लहान. तेव्हा हा विषय वऱ्हाडातल्या मुलांना परका नाही. अहवाल इंग्रजीत आहे, अंतरे फुटांत, वेग नॉटमध्ये. मुलांकडून सगळी एकके मीटर आणि सेकंदांत करून घेण्यात एक तासिका जाईल. ती जाऊ द्यावी.